मागच्या वर्षीची घागर

राजा घाट, वाराणसी
दि. १९ सप्टेंबर १९९५

ती. सौ. शरदिनीताईस,
गोपीनाथचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तुझ्या शाळेच्या मुली विभागीय शर्यतीत पहिल्या आल्या हे वाचून आनंदीने शेजारी पेढे वाटले. मी नको म्हणत होतो, कारण धावल्या त्या, आपण नाही. तिने ऐकले नाही. इकडे गंगा अजून भरलेली आहे. घाटाच्या वरच्या पंधरा-सोळा पायऱ्याच दिसतात, बाकीच्या पाण्याखाली.

आता ज्यासाठी पत्र लिहितो आहे ते लिहितो. याआधी दोन मसुदे फाडले आहेत.

गेल्या दत्तजयंतीला मी घागर खाली ठेवली.

लग्न होऊन तुला सत्तावीस वर्षे झाली, तरी घरची रीत विसरली नसशील. जयंतीच्या सकाळी आपल्या घरातल्या एकाने तांब्याची घागर गंगेत बुडवून भरायची, खांद्यावर घ्यायची आणि गल्लीतल्या आपल्या दत्ताच्या देवळात नेऊन थेट गाभाऱ्यातल्या तिवईवर ठेवायची. वाटेत ती कुठेही जमिनीला टेकता कामा नये. बाबांनी ती चौतीस वर्षे आणली. ते गेल्यापासून सहा वर्षे मी आणतो आहे.

गेल्या वर्षी धुके होते. पन्नासाव्या पायरीच्या आसपास छाती अशी धडधडू लागली की कानांत दुसरे काही ऐकू येईना. घागर पडेल म्हणून मी ती पायरीवर टेकवली. शंभर अंक मोजले आणि पुन्हा उचलली. कुणी पाहिले नाही. देवळात नेली, अभिषेक झाला, देऊळ सांभाळणाऱ्या गीताकाकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी प्रसाद खाल्ला. त्या दिवशी डायरीत मी एवढेच लिहिले आहे की थंडी फार होती. ते खोटे नाही. पण नऊ महिने ते पान माझ्याने उलटवत नाही.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासले. हृदयात दोष नाही, दोष खुर्चीचा आहे, असे ते म्हणाले. वीस वर्षे मी विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात बसून पोथ्यांच्या याद्या करतो. पंचेचाळिसाव्या वर्षी एक मजला चढून गेलो तर खाली काय विसरलो ते आठवायलाही दम उरत नाही.

काकूंचा धाकटा श्रीनिवास एकतीस वर्षांचा आहे, रेल्वेत आहे, रोज पोहतो. घागर त्याच्याकडे द्यावी हे सरळ दिसते. पण काही न सांगता दिली तर ते पळून जाणे होईल, आणि सांगावे तर काकूंना सत्तराव्या वर्षी हे ऐकवावे का, हे कळत नाही. जयंतीला अकरा आठवडे आहेत. तू मुलींना तयार करतेस. मला करू शकशील का? आणि काकूंना सांगू का? दोन्हींचे उत्तर दे.

तुझा लोभ नव्याने मागत नाही. आहे तो हे वाचूनही टिकावा.
तुझा,
गोपीनाथ


नागपूर
दि. २८ सप्टेंबर १९९५

चि. गोपीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. काकूंना सांग, आणि लगेच सांग. फक्त डायरी लिहितोस तसं सांगू नकोस. तीन वाक्यांत सांग. नाहीतर म्हातारी मधेच झोपेल आणि तुला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल.

आता पहिला प्रश्न. होईल. अकरा आठवडे पुष्कळ झाले. माझ्याकडे जूनमध्ये अशा मुली येतात की मैदानाची एक फेरी मारून झाडाला मिठी मारतात. डिसेंबरात मी त्यांना त्याच झाडाशी शोधायला जाते, तर त्या तिथे सापडत नाहीत.

आमच्यात याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. नावाला घाबरू नकोस. दिवसभर एका लयीत चालत राहिलास तर हृदय म्हणेल, ठीक आहे, इतपत मला येतं. त्याला थोडा वेळ जोरात पळवायचं, मग पुरतं निवू द्यायचं, मग पुन्हा पळवायचं. असं केलं की थोड्या दिवसांत ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. तुझं मैदान घाट.

आधी दहा मिनिटं काठाने नुसतं चालायचं. मग एक मिनिट भराभर चढायचं, इतकं की बोलायला गेलास तर दोन शब्दांवर थांबशील. मग सावकाश उतरायचं आणि खाली दोन मिनिटं शतपावली. अशा चार फेऱ्या. शेवटी पुन्हा दहा मिनिटं चाल. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. घागर पहिला महिनाभर बघायचीसुद्धा नाही. वर पोचल्यावर आणि शतपावली संपल्यावर मनगटाची नाडी मोज आणि आकडे मला पाठव. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बस, आणि सुरू करण्याआधी हा कागद डॉक्टरांना दाखव. ते नाही म्हणाले तर मीही नाही.

आनंदीला सांग, पेढे वाटले ते छान केलंस. मुली धावल्या, पण शिट्टी मी फुंकली होती.

लोभाचं काय विचारतोस? तो तू जन्मलास त्या दिवसापासून चालू आहे, मला विचारून कुणी सुरू केला नव्हता.
तुझी,
ताई


राजा घाट, वाराणसी
दि. २७ ऑक्टोबर १९९५

ती. सौ. ताईस,
गोपीनाथचा कृ. शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुझा कागद वाचला आणि असे लिहून देणारी बहीण मला का नाही असे विचारले. परवानगी दिली. दसऱ्यापासून सुरुवात केली.

काकूंना सांगितले. देवळाच्या माडीवर त्या वाती वळत बसल्या होत्या. मी तीनच वाक्ये बोललो. त्यांनी वात पुरी वळली आणि म्हणाल्या की मला ठाऊक होते. अभिषेकानंतर त्यांनी घागर पुसली तेव्हा बुडाला घाटावरचा गाळ लागलेला होता. देवाने तक्रार केली नाही, म्हणून आपणही केली नाही, पण तू कधी येतोस याची वाट पाहत होते, असे त्या म्हणाल्या. मग निकाल दिला. देवाला पाणी पोचले, पण घागर पोचली नाही. मागच्या वर्षीची अजून यायची आहे. या वर्षी दोन आणायच्या, एकाच सकाळी, एकाच माणसाने, अभिषेकाला बसण्याआधी. आणि बेटा, झेपत नसेल तर आत्ताच सांग, श्रीनिवासला आहे ना वेळ, असेही म्हणाल्या. मी झेपेल म्हणालो. घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता.

कारण तुझा व्यायाम मला लागू पडत नाही, ताई. आकडे देतो. घरी बसल्या जागी भिंतीवरच्या घड्याळाने मोजलेली नाडी चौऱ्याऐंशी. वर पोचल्यावर ब्याण्णव. शतपावलीनंतर अठ्ठ्याऐंशी. तीन आठवडे जवळपास हेच. म्हणजे चढताना मी अंग चोरतो आहे. मनाला वाटते की जीव जातो आहे, पण नाडी सांगते की गेलेला नाही. म्हणून मी चाराच्या सहा फेऱ्या केल्या आणि मधल्या सुट्ट्याही बंद केल्या. तरी आकडा हलत नाही. पाय सकाळी पलंगावरून उतरायला तयार नसतात. परवा विभागात एका पोथीची नोंद मी दोनदा केली. असे वीस वर्षांत झाले नव्हते.

वेळ कशी मोजतो ते सांगायचे राहिले. मनगटी घड्याळ घाटावर नेत नाही, दोन वर्षांपूर्वी एक गंगार्पण झाले. घरी ताडून पाहिले तर माझ्या नेहमीच्या लयीत आठ गायत्री म्हणजे बरोबर एक मिनिट. तेव्हा चढाला आठ, शतपावलीला सोळा, आणि नाडी मोजायला दोन, त्याची चौपट. मनातल्या मनात म्हणतो. मंत्राचे घड्याळ करणे योग्य की नाही हा विचार मनात येतो, पण त्याचा निर्णय जयंतीनंतर करीन.

पाणी उतरते आहे. महिन्याभरात वीसएक पायऱ्या वर आल्या. मी जितका दमतो तितका घाट लांबतो. खालचा नावेवरचा म्हातारा मल्लाह रोज विचारतो की गुरू, असे काय हरवले आहे की वर सापडत नाही आणि खालीही सापडत नाही. मी हसतो. हसायलाही दम लागतो.

खरे सांग. श्रीनिवासला सांगून टाकू का?

रागावलीस तरी पत्र धाड. न रागावता धाडलेस तर दोन वेळा वाचीन.
तुझा,
गोपीनाथ


नागपूर
दि. ३ नोव्हेंबर १९९५

चि. गोपीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले आहे. एकदाच वाच.

पायऱ्या जोरात चढून वर पोचलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची नाडी ब्याण्णव असत नाही. देवाची असेल. तुझी दीडशेच्या वर असणार. आकडा तुझा नाही, तुझ्या घड्याळाचा चुकला आहे. दम लागलेला माणूस मनात म्हणतो तेव्हा मंत्र धावतो, गोपी. तू म्हणतोस दोन, पण ते पाव मिनिटात नाही, त्याच्या अर्ध्यात संपतात. मग ठोकेही अर्धेच मोजले जातात. आणि सोळा म्हणून झाल्यावर तू दोन मिनिटं निवलास असं समजून पुन्हा चढतोस, तेव्हा एकही मिनिट झालेलं नसतं. वर नाडी कमी दिसते म्हणून तू स्वतःला आळशी ठरवलंस आणि फेऱ्या वाढवल्यास. दुसरा कुणी असता तर कमी आकडा बघून खूश झाला असता. हे फक्त आपल्या घरात घडू शकतं.

आता ऐक. चार दिवस काही करायचं नाही. घाटावर गेलास तर बसायला जा. मग पुन्हा पहिल्यापासून, चार फेऱ्या, आणि घड्याळ आनंदीच्या हातात. ती सांगेल तेव्हा चढायचं, ती सांगेल तोवर फिरायचं. सुट्टीच्या दिवशी सुट्टी. मुलींनाही हेच समजावताना माझा घसा बसतो. त्यांना वाटतं आराम म्हणजे ताईंची नजर चुकवणं. अरे, ताकद चढताना येत नाही. चढून तू हृदयाला मागणी कळवतोस, भरती आरामात होते.

आणखी एक. तुझ्या पत्रावरून मला शंका आली की तू न थांबता चढतोस. कुणी सांगितलं तुला? रीत घागर न टेकवण्याची आहे, न थांबण्याची नाही. बाबा तीनदा थांबायचे. लहानपणी तू शंख घेऊन पुढे धावायचास, म्हणून तुला दिसलं नाही. मी मागून चालायचे. एकदा मल्लाहांना मासळीचा भाव विचारायला थांबायचे, आणि आयुष्यात त्यांनी मासळी खाल्ली नाही. मग वळणावर उगाच नदीकडे बघायचे. मग गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी आजारी सासूची चौकशी करायचे. घागर खांद्यावर, चेहरा हसरा, आणि मानेची शीर उडताना मला मागून दिसायची. शीर शांत झाली की पाऊल पुढे.

श्रीनिवासला काही सांगू नकोस. त्याला पोहू दे.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच इतकी शाई खर्च केली.
तुझी,
ताई


राजा घाट
दि. २२ नोव्हेंबर १९९५

ती. सौ. वन्संना,
आनंदीचा सा. न. वि. वि.

यांना आज विभागात उशीर आहे, तेवढ्यात लिहून घेते. हे लिहितील ते खरं असेल, पण त्यात निम्म्या शंका असतील, म्हणून एक पत्र माझंही.

गजराचं घड्याळ पदराखाली घेऊन मी पहिल्या दिवशी घाटावर बसले. यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या गायत्री म्हणा, मी नुसतं बघते. सोळा झाल्या म्हणून हे पुन्हा चढायला निघाले तेव्हा छप्पन सेकंद झाले होते. यांचा विश्वास बसेना. घरी येऊन गजराचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांशी ताडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडलं. मग जेवताना एकदम म्हणाले की घड्याळ बरोबर आहे. घड्याळाला किती बरं वाटलं असेल.

त्या पहिल्या दिवशी नाडी वर एकशे अडुसष्ट निघाली, आणि घड्याळाची दोन मिनिटं फिरून झाल्यावर एकशे अडतीस. आज वर एकशे छप्पन, आणि फिरून झाल्यावर एकशे बारा. मागच्या आठवड्यापासून अर्धी घागर घेऊन चढतात, कालपासून पाऊण. सुरुवातीला शतपावली घालताना यांचे पाय आपोआप पायऱ्यांकडे वळायचे, मी घड्याळ वर धरून नुसती मान हलवायची. घाटावरचे म्हणू लागले की गुरुआइन शिपाई झाली. आता मी स्वेटरही आणते. एका आरामात साधारण दीड ओळ होते, तुमच्या मापाचा आहे.

एक गोष्ट हे लिहिणार नाहीत. श्रीनिवासभावजी परवा आले होते. फार नम्रपणे म्हणाले की दादा, दुसरी घागर मी आणतो, आईला कळणार नाही. यांनी रागावून बोलायचं सोडून हसून सांगितलं की काकूंना बुडाचा गाळसुद्धा कळतो, तू तर सहा फुटांचा आहेस. मी कितीतरी महिन्यांनी यांना असं मोकळं हसताना पाहिलं. पण दोन घागरी झेपतील का हे मला माहीत नाही, वन्सं. एक झेपेल. दुसऱ्यासाठी मी इथूनच हात जोडते.

तुमचा लोभ या घरावर असतोच, माझ्या वाट्याचा जरा जास्त ठेवा.
आपली,
आनंदी


राजा घाट, वाराणसी
दि. १० डिसेंबर १९९५

ती. सौ. ताईस,
गोपीनाथचा कृ. शि. सा. न. वि. वि.

दत्तजयंती पार पडली. तार करणार होतो, पण तारेत हे मावले नसते.

सकाळी साडेसहाला पाण्याशी गेलो. पाण्यापासून गल्लीपर्यंत एकसष्ट पायऱ्या उघड्या होत्या, आदल्या दिवशी मी आणि आनंदीने मिळून मोजल्या. श्रीनिवास नको म्हटले तरी मागे उभा होता, दोन्ही हात अर्धवट पुढे केलेले, जणू मी नव्याने चालायला शिकतो आहे. पहिली घागर भरली आणि निघालो. विसाव्या पायरीवर थांबलो. मासळीचा भाव विचारायचे मला जमले नाही, म्हणून मल्लाहाला म्हटले की मी दमलो आहे, क्षणभर उभा राहतो. तो म्हणाला की गुरू, उभे राहा, घाट कुठे जातो आहे. वळणावर थांबलो. गल्लीच्या तोंडाशी थांबलो. तिन्ही वेळा घागर खांद्यावर होती. दत्ताच्या तिवईवर ती ठेवली तेव्हा श्वास जोरात चालू होता, पण माझ्या ताब्यात होता.

काकू दारात पाटावर बसल्या होत्या. मी दुसरी, रिकामी घागर घेऊन सावकाश उतरलो. आनंदी घड्याळ घेऊन शेजारून चालत होती. खाली पोचल्यावर मी शतपावली घातली, भरलेल्या घाटावर, लोक बघत असताना. भटजींनी वरून दोनदा हाक मारली की मुहूर्त जातो आहे. पूर्वीचा मी त्या हाकेसरशी धावलो असतो. मी आनंदीकडे पाहिले. तिने मान हलवली. मी फिरत राहिलो. मुहूर्ताला अजून वीस मिनिटे होती, हे मी पंचांगात आधीच पाहिले होते आणि तरीही मला भीती वाटत होती. दोन मिनिटे झाल्यावर तिने घड्याळ खाली केले.

दुसरी घागर जड होती. ती तितकीच होती, पण जड होती. पंचेचाळिसाव्या पायरीपुढे पाय भरून आले आणि छाती धडधडू लागली. गेल्या वर्षी हीच धडधड ऐकून मला वाटले होते की आता संपले. या वेळी ती ओळखीची होती. दोन महिन्यांत ती मी शंभराहून अधिक वेळा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी ती उतरली आहे. मी थांबलो, घागर दोन्ही हातांनी धरली, नदीकडे पाहिले. मागून श्रीनिवास हळूच म्हणाला की दादा, द्यायची का. मी मानेनेच नाही म्हटले, कारण तू सांगितल्याप्रमाणे दोनच शब्द शिल्लक होते आणि ते मला वर लागणार होते. धडधड उतरली. मी चढलो.

तिवईवर दुसरी घागर ठेवून मी ते दोन शब्द काकूंना म्हणालो. घागर आली. त्या म्हणाल्या की आली, आता बस, नाहीतर अभिषेक आम्हांला तुझ्यावरच करावा लागेल. सगळे हसले. भटजीही हसले.

प्रसादाच्या वेळी काकूंनी श्रीनिवासला विचारले की पुढच्या वर्षी तू आणशील का. तो तोंड उघडतो तोच मी आणीन असे म्हणून गेलो. मी आनंदीला विचारले नाही, स्वतःलाही विचारले नाही. बोलल्यावर लक्षात आले की एवढे मोठे आश्वासन मी मसुदा न करता दिले. श्रीनिवासची क्षमा मागितली. तो म्हणाला की दादा, मला आपले पोहणेच बरे.

रात्री डायरी लिहिली. नाडीचे आकडे लिहिले, पायऱ्या लिहिल्या, थंडी लिहिली. एक गोष्ट लिहिली नाही, ती तुला सांगतो. दुसरी घागर ठेवून मी दारात उभा होतो. श्वास बसत होता. खाली घाट उन्हात आला होता. तेव्हा मला स्वच्छ वाटले की दोन मिनिटे मिळाली तर मी तिसरीही आणीन. तिसरी कुणी मागितली नव्हती. हा गर्व आहे का म्हणून मी स्वतःला विचारले, आणि बराच वेळ पाहिल्यावर आढळले की आहे. या वेळी तो मी राहू दिला.

उद्या सुट्टीचा दिवस आहे. परवा पुन्हा चढायचे आहे. तुझा लोभ पाठीशी आहे हे जाणून आहे, तो असाच वरून शिट्टी फुंकत राहो.
तुझा,
गोपीनाथ